थेरपी सुरू करताय? पहिल्या फोनपासून शेवटच्या भेटीपर्यंत काय काय होतं

थेरपीला जायचं मनात आलं की जे प्रश्न पडतात ते तसे साधेच असतात. तिथे आधी कोण बोलणार? रडू आलं तर? घरच्यांना कळेल का? किती वेळा जावं लागेल? आणि आपल्याला नेमकं काय होतंय हे सांगताच आलं नाही तर? संकोचापायी हे कुणाला विचारले जात नाहीत आणि अपॉइंटमेंट पुढे पुढे जात राहते. म्हणून प्रत्यक्षात जे ज्या क्रमाने घडतं, त्याच क्रमाने इथे लिहितो आहे.

त्याआधी एक. जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या आठवड्यातल्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. रुग्णालयाचा तातडीचा विभाग किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन गाठा आणि विश्वासातल्या एका माणसाला सोबत ठेवा. थेरपीचं नंतर बघता येईल.

नेमकं कुणाकडे जायचं

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे आधी डॉक्टर असतात आणि मग मनाच्या आजारांचं विशेष शिक्षण घेतात. औषधं तेच लिहून देतात. मानसशास्त्रज्ञांचं उच्च शिक्षण मानसशास्त्रातलं असतं. ते मूल्यमापन करतात, चाचण्या घेतात, थेरपी देतात. बहुतेक ठिकाणी त्यांना औषधं लिहून देण्याचा अधिकार नसतो. समुपदेशकांच्या बाबतीत मात्र प्रशिक्षणात खूप फरक असतो. कुणी अनेक वर्षं शिकलेलं असतं, कुणी काही आठवड्यांचा कोर्स केलेला असतो. ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला बऱ्याच ठिकाणी कायद्याची आडकाठी नसते, म्हणून शिक्षण आणि अधिकृत नोंदणी विचारून घ्यावी. हा प्रश्न ऐकून जो चिडतो, त्याच्याकडे जाऊ नये.

ही मंडळी एकमेकांकडे माणसं पाठवत असतात. मानसशास्त्रज्ञ म्हणाले, ‘एकदा मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटून या’, तर आपल्याला टाळताहेत किंवा आपली केस हाताबाहेर गेली आहे, असं समजायचं कारण नाही. तीव्र नैराश्यात औषध आणि थेरपी दोन्ही मिळून बहुतेकदा एकट्या उपायापेक्षा जास्त गुण येतो. बायपोलर (मन काही काळ अतिउत्साही, काही काळ खोल खचलेलं) किंवा भास होण्याच्या आजारांत तर उपचारांचा पाया औषधांचाच असतो. कधी आधी रक्त तपासून यायला सांगतात, तेही बरोबरच आहे. थायरॉइड मंदावणं, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता यांमुळेही थकवा येतो, उत्साह जातो, लक्ष लागत नाही. अशा वेळी नुसत्या बोलण्याने फार काही साधत नाही.

पहिला फोन

फोनवर सगळी कहाणी सांगायची नसते. दोन वाक्यं पुरतात: ‘गेले काही महिने झोप लागत नाही, कामावर जायची भीती वाटते. अशा त्रासावर तुम्ही काम करता का?’ फोनचा धीर होत नसेल तर हेच मेसेजमध्ये लिहा.

मग व्यवहाराचं विचारा. सेशन किती वेळाचं असतं (साधारण ४५ ते ६० मिनिटं, बरेच जण ५० मिनिटं ठेवतात), फी किती, ती कधी द्यायची, अपॉइंटमेंट रद्द करायची असेल तर किती आधी कळवायचं. २४ किंवा ४८ तास आधी न कळवल्यास फी आकारण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती आधी माहीत नसली की पुढे मनं कलुषित होतात. दोन सेशनच्या मध्ये संपर्क करता येतो का, हेही विचारून ठेवा. बहुतेक जण मधल्या काळात फक्त वेळ ठरवण्यापुरते मेसेज घेतात.

सेशन ऑनलाइन असेल तर हेडफोन, बंद दार आणि नेटवर्क तुटलं तर कोण कुणाला फोन करणार, एवढं ठरलेलं असावं. घरात बोलणं ऐकू जात असेल तर माणूस नकळत सौम्य आवृत्ती सांगतो. त्यापेक्षा उभ्या असलेल्या गाडीत बसून बोललेलं चांगलं.

जायच्या आधी

फार तयारी नको. भाषण पाठ करून गेलात तर ते म्हणून दाखवण्यातच वेळ जाईल. एका कागदावर चार गोष्टी पुरेत: त्रास साधारण कधीपासून आहे, कशाने वाढतो, सध्या कोणती औषधं चालू आहेत, आणि याआधी कुठे उपचार घेतलेत का. दारू किंवा दुसरं कुठलं व्यसन असेल तर त्याचा आकडा कमी करून सांगू नका. दारू झोप बिघडवते, मन खाली खेचते. ती हिशेबातून वगळली की पुढचा सगळा अंदाज चुकतो.

सेशननंतर लगेच मीटिंग, परीक्षा किंवा पाहुणे ठेवू नका. अर्धा तास तरी मोकळा असू द्या.

पहिलं सेशन

सुरुवात बहुधा कागदपत्रांनी होते. संमतीपत्र वाचून सही करा. त्यात फी, गोपनीयता आणि तिचे अपवाद लिहिलेले असतात. पुष्कळ ठिकाणी छोटी प्रश्नावली भरून घेतात. नैराश्यासाठीची पीएचक्यू-९ सर्वत्र वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत काय काय किती वेळा जाणवलं असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. चिंतेसाठीच्या जीएडी-७ मध्ये सात प्रश्न आणि २१ गुण. या गुणांवरून निदान ठरत नाही. आज आपण कुठे आहोत याची ती नोंद असते आणि दोन महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली की फरक दिसतो.

पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे खरं उत्तर देताना हात अडखळतो, कारण ‘हो’ लिहिलं की लगेच रुग्णालयात भरती करतील अशी भीती असते. प्रत्यक्षात थेरपिस्ट आधी विचारतात: नुसता विचार येतो की काही ठरवलंही आहे, साधन हाताशी आहे का, कशामुळे थांबलात. बहुतेकदा त्यातून संकटाच्या वेळी काय करायचं, कुणाला फोन करायचा याचा लेखी आराखडा तयार होतो. धोका अगदी समोर उभा असेल तरच पुढची पावलं उचलली जातात. असं थेट विचारल्याने हे विचार डोक्यात भरवले जात नाहीत, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

मग गप्पा म्हणाव्यात तर गप्पा, मुलाखत म्हणावी तर मुलाखत. ‘इथे यावंसं का वाटलं?’ हा नेहमीचा पहिला प्रश्न. कुठूनही सुरुवात करा. क्रम लावणं त्यांचं काम आहे. ‘कुठून सांगू कळत नाही’ हेसुद्धा चांगलं पहिलं वाक्य आहे. झोप, भूक, काम, नाती, आजारपणं, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, असं बरंच विचारलं जाईल. काही जण तीन पिढ्यांचा कौटुंबिक नकाशा कागदावर काढतात: कोण कुणाच्या जवळचं, कुणाचं कुणाशी बोलणं बंद. एखाद्या विषयावर अजून बोलायचं नसेल तर तसं सांगून मोकळं व्हा. ‘याबद्दल आत्ता नको’ एवढं ऐकल्यावर चांगला थेरपिस्ट तिथे रेटत नाही.

रडू आलं तर येऊ द्या. त्या खोलीत ते रोजचंच आहे. शांतता पसरली तर ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. ते वहीत काय लिहितात याने अस्वस्थ वाटत असेल तर सरळ विचारा.

पुष्कळांची निराशा होते ती सल्ल्याच्या अपेक्षेने. नोकरी सोडू का, या नात्यात राहू का, याचं उत्तर तिथे मिळत नाही. सल्ला द्यायला आपल्या आजूबाजूला माणसांची कमतरता कधीच नसते, आणि तो पुरला असता तर इथवर यायची वेळ आली नसती. थेरपिस्ट तुम्हाला निर्णयाशी थांबवून ठेवतात, त्याच्या आत काय चाललंय ते पाहायला लावतात. पहिल्या भेटीत हे कोरडं वाटू शकतं.

बाहेर पडल्यावर कुणाला हलकं वाटतं, कुणाचं डोकं दुखतं, कुणाला ‘उगाच इतकं बोललो’ असं होतं. काहीच वाटलं नाही असंही होतं. यातल्या कशावरूनही थेरपीचा उपयोग होणार की नाही ते कळत नाही. समोरच्या माणसाचा अंदाज मात्र घेता येतो. त्यांनी ऐकलं का? मध्ये मध्ये तोडलं का? तुमच्या शब्दांत तुमची गोष्ट परत सांगितली, की पंधराव्या मिनिटाला शिक्का मारला?

कुणाला कळेल?

तुम्ही जे बोलता ते खोलीबाहेर जात नाही, हा नियम आहे आणि त्याला अपवाद आहेत. ते पहिल्या दिवशीच माहीत असलेले बरे. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका असेल, लहान मुलाचा छळ होत असल्याचं समोर आलं, न्यायालयाने माहिती मागवली, अशा वेळी थेरपिस्टना बोलावं लागू शकतं. यामागे इतिहास आहे. अमेरिकेत एका तरुणाने आपण अमुक मुलीला मारणार असल्याचं थेरपिस्टला सांगितलं होतं, आणि पुढे तिचा खून केला. त्या तारासॉफ खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली निकाल दिला की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण व्हावं यासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य ठरतं. नियमांचे तपशील देशागणिक वेगळे आहेत, म्हणून ‘तुम्ही कोणत्या परिस्थितीत दुसऱ्याला सांगाल?’ हा प्रश्न विचाराच.

याखेरीज काही बारकावे. बरेच थेरपिस्ट अनुभवी वरिष्ठांशी केसबद्दल चर्चा करतात, पण नाव आणि ओळख न सांगता. विम्यातून पैसे मिळणार असतील तर विमा कंपनीकडे निदान जातं. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांना काय सांगायचं आणि काय नाही, हे पहिल्याच भेटीत तिघांनी मिळून ठरवावं. घरच्या कुणी परस्पर फोन करून ‘काय म्हणत होता तो?’ असं विचारलं तर तुमच्या परवानगीशिवाय उत्तर मिळत नाही. तुम्ही तिथे जाता की नाही, हेसुद्धा सांगितलं जात नाही. आणि रस्त्यात थेरपिस्ट भेटले आणि त्यांनी ओळख दाखवली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. आधी तुम्ही हसलात तर तेही हसतील.

पद्धत आणि ध्येय

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपर्यंत ‘आपण नेमकं काय करणार आहोत?’ याचं उत्तर मिळायला हवं. १९६० च्या दशकात अ‍ॅरन बेक यांनी मांडलेल्या, सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत प्रसंग, त्या क्षणी आलेला विचार, भावना आणि वागणं यांची साखळी कागदावर मांडतात, विचार तपासतात आणि छोटे प्रयोग करून बघतात. सायकोडायनॅमिक थेरपीत नात्यांमध्ये पुन्हा पुन्हा होणारे तेच घोळ, जुने धागे, थेरपिस्टबद्दल वाटणाऱ्या भावना यांवर जास्त भर असतो. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेत थेरपिस्ट दिशा कमी देतो, समजून घेण्यावर सगळा जोर असतो. व्यवहारात अनेक जण मिश्रण करतात.

सगळ्या पद्धती सगळ्यांना सारख्याच, असं मात्र समजू नका. पुन्हा पुन्हा हात धुणं, कुलूप तपासणं अशा ओसीडीसाठी (नकोशा विचारांपायी तीच क्रिया करत राहण्याचा आजार) ईआरपी नावाची पद्धत आहे. तिच्यात भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि ती ठरावीक क्रिया करायची नाही. ओसीडी असेल तर थेरपिस्टला या पद्धतीचं प्रशिक्षण आहे का ते विचारा, कारण वर्षभर फक्त मोकळेपणाने बोलत राहून ओसीडी सहसा हलत नाही. विशिष्ट गोष्टींच्या भीतीचंही तसंच.

ध्येय जितकं ठोस तितकं बरं. ‘आनंदी व्हायचंय’ हे मोजता येत नाही. ‘वरिष्ठांचा मेल आला की उघडायला दोन दिवस लागतात, ते त्याच दिवशी उघडता यावेत’ हे मोजता येतं.

किती दिवस लागतील? सुरुवातीला बहुतेकदा आठवड्याला एक सेशन. चिंता किंवा नैराश्यासाठी सीबीटी साधारण १२ ते २० सेशनची धरतात. एखाद्याच गोष्टीची भीती याहून बरीच लवकर सुटू शकते. लहानपणापासूनच्या जखमा, नात्यांचे मुरलेले प्रश्न यांना महिने, कधी वर्षं लागतात. हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या एका गाजलेल्या विश्लेषणात आठ सेशनपर्यंत सुमारे निम्म्या लोकांमध्ये आणि २६ सेशनपर्यंत सुमारे ७५ टक्क्यांमध्ये मोजता येण्याजोगी सुधारणा दिसली होती. ही सरासरी आहे, तुमचं वेळापत्रक नव्हे. पण दुसऱ्या सेशननंतर ‘काही होत नाही’ म्हणून सोडणं घाईचं आहे, आणि वर्षभर काडीचा फरक नसताना सवयीने जात राहणंही बरोबर नाही, एवढं त्यातून नक्की घेता येतं.

मधले आठवडे

आठवड्यात १६८ तास असतात आणि त्यातला एक थेरपीत जातो. उरलेल्या तासांसाठी गृहपाठ असतो: विचारांची नोंद, झोपेची डायरी, टाळलेली एखादी गोष्ट करून पाहणं, अंथरुणातून उठावंसं वाटत नसतानाही दहा मिनिटं चालून येणं. केला नाही तर शाळेसारखी शिक्षा नसते. न करता ‘केला’ असं मात्र सांगू नका. का झाला नाही, यातूनच कधी कधी कामाची गोष्ट सापडते.

काही आठवडे आधीपेक्षा जास्त जड जाऊ शकतात. दाबून ठेवलेलं वर येतं, टाळलेल्या गोष्टींना हात लागतो. सेशननंतर दोन दिवस मन उदास राहून पुन्हा सावरत असेल तर ते चालण्यासारखं आहे. पण झोप, खाणं, काम सलग काही आठवडे ढासळतच चाललं असेल तर पुढच्या सेशनची सुरुवात त्यानेच करा.

सुरुवातीवरून आठवलं. खरा मुद्दा शेवटच्या दोन मिनिटांत, दाराकडे जाताजाता सांगायची खोड बहुतेकांना असते. तिथे जाऊन बसताक्षणी ‘आज एक अवघड गोष्ट बोलायची आहे, मला टाळू देऊ नका’ असं म्हणून टाकलं की निम्मं काम झालं.

थेरपिस्टबद्दल थेरपिस्टशीच बोला

या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. थेरपीबद्दलची नाराजी आपण मैत्रिणीला सांगतो, भावाला सांगतो, मनातल्या मनात घोळवतो. जिथे सांगायची तिथे सोडून सगळीकडे सांगतो. मग एक दिवस जाणं बंद होतं.

एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयाबद्दल एकमत, ते गाठण्यासाठी करायच्या कामाबद्दल एकमत, आणि दोघांमधला विश्वास. त्यानंतरच्या असंख्य अभ्यासांत हे नातं जितकं घट्ट तितका परिणाम चांगला, असं पुन्हा पुन्हा दिसलं आहे, पद्धत कोणतीही असो. आणि हे तीनही भाग आपण न बोलता दुरुस्त होत नाहीत. काही वाक्यं देऊन ठेवतो, हवी तशी बदलून घ्या:

‘मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं.’
‘हा गृहपाठ मला पटलेला नाही, म्हणून मी तो करत नाही.’
‘तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी सुधारणा झाल्याचं सांगत होतो.’
‘तुम्ही घड्याळाकडे पाहता तेव्हा मी कंटाळा आणतोय असं वाटतं.’
‘आपण कुठे चाललोय ते मला कळत नाहीये.’

उद्धट वाटतील, पण नाहीत. प्रशिक्षित माणसाला यातून भांडण सुचत नाही, काम सुचतं. शिवाय ज्याला आयुष्यभर नाराजी गिळायची सवय आहे, त्याने ती एकदा समोर बसून सांगणं आणि त्यानंतरही नातं टिकलेलं पाहणं, हा उपचारच आहे. उत्तरादाखल थेरपिस्ट चिडले, तुम्हालाच दोषी ठरवू लागले, किंवा प्रत्येक तक्रार ‘हा तुमच्या आजाराचाच भाग’ म्हणून उडवून लावू लागले, तर तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.

कधी बदलावं

तीन-चार सेशन झाली, बोलून पाहिलं, तरी जुळत नसेल तर दुसरा थेरपिस्ट शोधा. यात कुणाचा अपमान नाही. ‘माझ्यासाठी कुणी सुचवाल का?’ असं त्यांनाच विचारता येतं.

काही गोष्टींसाठी मात्र तीन-चार सेशनसुद्धा थांबू नका. शारीरिक किंवा प्रेमाचे संबंध सुचवणं, तुमच्याशी पैशाचा किंवा धंद्याचा व्यवहार करणं, दुसऱ्या क्लायंटची नावानिशी गोष्ट सांगणं, ठरलेल्या मुदतीत पूर्ण बरं करण्याची हमी देणं, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेली औषधं परस्पर बंद करायला सांगणं, बहुतेक वेळ स्वतःचंच आयुष्य सांगत बसणं. यातल्या गंभीर प्रकारांची तक्रार नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे करता येते. मित्र किंवा नातेवाईक असलेल्या थेरपिस्टकडे तर जाऊच नये, आणि चांगला थेरपिस्ट तुम्हाला घेणारही नाही.

थांबताना

बरं वाटू लागलं की लोक सरळ जायचं बंद करतात. त्यापेक्षा थांबण्याचा विषय दोन-तीन सेशन आधी काढा. मग भेटी पंधरा दिवसांनी, महिन्याने अशा विरळ करत नेता येतात. शेवटच्या भेटींत एक कागद तयार होतो आणि तो फार उपयोगाचा असतो: त्रास परत येऊ लागला की माझ्यात आधी काय बदलतं (झोप? फोन न उचलणं? चिडचिड?), तेव्हा मी काय करायचं, आणि कितपत बिघडलं की पुन्हा अपॉइंटमेंट घ्यायची. पीएचक्यू-९ पुन्हा भरून पहिल्या दिवसाच्या गुणांशेजारी ठेवा. काही महिन्यांनी एखादं उजळणीचं सेशन घेता येईल का तेही विचारा.

गाव बदलत असाल किंवा दुसऱ्या थेरपिस्टकडे जाणार असाल तर आतापर्यंतच्या कामाचा थोडक्यात लेखी आढावा मागून घ्या. तुमच्या नोंदी किती वर्षं जपल्या जातात आणि त्या कुणाला पाहता येतात, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.